वेचणीच्या दिवसांतली शिकवणी

दसरा झाला की पेडगावचं रान एका रात्रीत पांढरं होतं, असं आमच्याकडं बोलायची पद्धत आहे. मी तिथंच राहते म्हणून सांगते, एका रात्रीत काही होत नाही. आधी अगदी खालच्या फांदीवरचं एखादं बोंड तडकतं. फटीतून ओलसर, चिकटलेला कापूस दिसतो, नुकत्याच जन्मलेल्या वासराच्या अंगासारखा. दोन दिवस ऊन खाऊन तो फुगतो, सैल होतो. मग शेजारचं बोंड तडकतं. असं करत करत एक सकाळ अशी येते की धुकं कुठलं आणि कापूस कुठला, हे बांधावरून कळेनासं होतं. यंदा ती सकाळ गेल्या मंगळवारी आली. मी ओटी बांधून पहिल्या ओळीत शिरले, पहिलं बोंड उपसलं, वाळलेल्या पाकळीचं टोक नखाच्या मुळाशी नेहमीच्या जागी टोचलं, आणि मला उगाच संध्याकाळचे पाच वाजल्यासारखं वाटलं. खरं तर सकाळचे नऊच वाजले होते.

तीन वर्षांपूर्वी ह्याच दिवसांत रोज पाच वाजता फोन यायचा. माझे यजमान लष्करात आहेत. त्या हिवाळ्यात ते दूर उत्तरेकडच्या एका शहरात वैद्यकीय मदतनीसाचं ट्रेनिंग घेत होते. लढाईत जखमी झालेल्या जवानाला डॉक्टरपर्यंत जिवंत पोचवायचं, एवढंच ते काम. एवढंच म्हणते मी. पाच ते सहा हा एकच तास त्यांच्या हातात फोन असायचा, आणि आमच्याकडं रेंज फक्त बांधावरच्या कडुलिंबाखाली. त्यामुळं त्या ट्रेनिंगमधलं निम्मं शिक्षण लिंबाखाली झालं, असं मी म्हणते. ते म्हणतात, निम्म्याहून जास्त.

ह्यांचं नाव बालाजी. तेव्हा आमच्या लग्नाला चार वर्षं झाली होती आणि पलटणीत त्यांना सात. धावण्यात पुढं, ओझं उचलण्यात पुढं, बोलण्यात मागं. डोंगरात सराव चालू असताना एका जोडीदाराचा पाय मोडला, तर ह्यांनी त्याला पाठीवर घेऊन सगळा उतार पार केला. साहेबांनी ते बघितलं आणि म्हणाले, ह्या जवानाला वैद्यकीय ट्रेनिंगला पाठवा. झालं. साहेबांनी नाव घेतलं की ‘जी साब’ म्हणायचं असतं. पाठीवरच्या माणसाचा पाय आपल्याला दिसत नसतो म्हणून ते जमलं, ही आतली गोष्ट साहेबांना सांगणार कोण?

कारण ह्यांना रक्त बघवत नव्हतं. मला हे लग्नानंतर पंधराव्या दिवशी कळलं. विळीवर भोपळा चिरताना माझं बोट कापलं. मी ओरडले, ते धावत आले, आणि बघता बघता भिंतीला टेकून खालीच बसले. बोट माझं कापलेलं आणि पाणी त्यांच्या तोंडावर मारायची वेळ आली. मला हसू आवरेना, एवढा रायफलवाला गडी! आत्याबाई, म्हणजे माझ्या सासूबाई, मात्र हसल्या नाहीत. माझ्या बोटाला त्यांनी चिंधी गुंडाळली आणि मग बराच वेळ लेकाच्या पाठीवरून हात फिरवत राहिल्या. मला तेव्हा नवल वाटलं होतं. खरं सांगायचं तर थोडा रागही आला होता.

त्यामागचं कारण मला चार वर्षांनी, फोनवर कळलं. ट्रेनिंगच्या पहिल्याच आठवड्यात उस्तादांनी, तिकडं शिकवणाऱ्याला उस्तादच म्हणतात, पडद्यावर जखमेचा फोटो दाखवला आणि हे बाकावरून खाली गेले. त्या संध्याकाळी ते बोलले. एरवी ‘जेवलीस का, माय बरी हाय का’ ह्यापलीकडं न जाणारा माणूस सलग अर्धा तास बोलला. मामंजी, म्हणजे माझे सासरे, गेले तेव्हा हे बारा वर्षांचे होते. दिवस थंडीचेच. मामंजी बांधावरची बाभूळ तोडत होते. कुऱ्हाड ओल्या खोडावरून सटकली आणि पोटरीत खोल बसली. रानात होते ते सगळे धावले. कुणी हळद आणली, कुणी चुना, कुणी तंबाखूची चिमूट दाबली. चिंधीवर चिंधी, धोतरावर धोतर. लाल झालं की वरून आणखी एक कापड. त्या कापडावर दोन्ही हात दाबून धरायचं काम ह्यांच्याकडं होतं. जीप मिळाली, परभणीच्या वाटेला लागली, आणि शहराच्या तोंडाशी रेल्वेचं फाटक पडलेलं. मालगाडी लांब होती. ती पुढं सरकेपर्यंत आत्याबाईंच्या मांडीवर मामंजी गेले. मी त्यांना फक्त भिंतीवरच्या फोटोत पाहिलंय.

“आर्चे,” हे म्हणाले. माझं नाव अर्चना, पण ते फोनवर कधी पुरतं येत नाही. “मी नापास झालो तर परत पलटणीत धाडतील. त्येचं काय न्हाई. पण मंग मी बारा वर्षाचाच ऱ्हाईन.”

गावात कार्यक्रम असला की भाषणं करणारे लोक आम्हा फौजींच्या बायकांना फार मोठमोठी विशेषणं लावतात. त्यातलं एकही त्या वेळी उपयोगाला आलं नाही. मी म्हणाले, “उद्याच्या धड्याचे फोटो धाडा. मी वाचून ठेवते.”

माझी बारावी सायन्सला झालेली, गंगाखेडला, माहेरी. पुढं शिकायचं राहून गेलं. त्यात कुणाला दोष द्यायचा नाही असं मी ठरवलंय, तरी अधूनमधून देते. त्यामुळं ह्यांच्या वहीतल्या पानांचे फोटो फोनवर येऊ लागले तेव्हा मला खरंच आनंद झाला. हिंदीत लिहिलेले इंग्रजी शब्द, घाईतलं अक्षर, मध्येच हृदयाची आकृती, आणि ती वांग्यासारखी. दुपारी भाकरी खाताना मी ती पानं वाचायची, आपल्या बोलीत आणायची आणि पाच वाजता परत त्यांना सांगायची. हृदयाचे चार कप्पे मी त्यांना आमच्या घराच्या चार खणांवरून शिकवले. रक्त पुढच्या दारानं येतं, मागच्या दारानं जातं, पुन्हा पुढच्या दारानं येतं. “म्हंजी आपल्या मांजरासारखं,” ते म्हणाले. त्या आठवड्यात ते पहिल्यांदा हसले.

मग शिरांचा धडा आला. सलाइनची सुई कुठल्या शिरेत घालायची ते शोधायचं. चित्रात शिरा सरळ, निळ्या, शहाण्यासारख्या असतात, माणसाच्या हातावर तशा नसतात. मला वाटलं, ह्यांना खरे हात दाखवावेत. माझ्या ओळीत वेचणीला दहा बायका होत्या. पहिला हात कौसल्यामावशींचा घेतला, कारण त्या शेजारच्या आणि कशालाच नाही न म्हणणाऱ्या. उन्हानं रापलेला, सुरकुतलेला हात, आणि त्यावर जाडजूड शीर, मनगटापासून बोटांपर्यंत वळत गेलेली. मी फोटो काढला तर मावशी म्हणाल्या, “का गं, मिल्ट्रीवाले आता मेंदी बी काढायलेत का?”

त्या दिवशी मी अकरा हात पाठवले, माझ्यासकट. नावं लिहून पाठवले. ह्यांचं उत्तर यायचं, मावशीची आंगठ्याच्या वरची घेईन, चंद्रकलाची थंडीत दिसंना, तिला हात कोमट पाण्यात धरायला सांग. ते मी सगळ्यांना मोठ्यानं वाचून दाखवायची. मग तर बायकांत चढाओढच लागली. “माझी शीर चांगली हाय का न्हाई म्हणाला त्यो?” असं विचारत एकजण हात पुढं करायची, तर दुसरी म्हणायची, “लय चांगली हाय, तुझाच फोटो फ्रेम करून लावतेत बघ तिथं.” मी ह्या हातांसोबत चार वर्षं कापूस वेचला होता, पण ते नीट बघितले नव्हते. कुणाच्या मनगटावर गोंदण होतं, कुणाच्या बोटावर चटका. बोंडांची टोकं टोचून सगळ्यांच्याच नखांच्या कडा फाटलेल्या. एका फोटोत चंद्रकलाच्या बोटावर रक्ताचा ताजा थेंब होता, तो मला दिसलाच नव्हता. संध्याकाळी हे म्हणाले, “तिच्या बोटाला रक्त आल्तं.”

“मंग?” मी घाबरून विचारलं.

“बघितलं मी. बसूनच व्हतो.”

मी भाकरी थापताना हे आत्याबाईंना सांगितलं. त्या दिवशी त्यांनी एक भाकरी जास्त खाल्ली.

कापूस घरात आला की घराचा आवाज बदलतो. पुढची खोली छतापर्यंत भरते आणि भांड्यांचा, पावलांचा, बोलण्याचा आवाज त्यात बुडून जातो. मोठ्यानं हाक मारली तरी ती पोचते हळूच. त्या हिवाळ्यात आम्ही दोघीच त्या घरात असायचो, एकमेकींशी हळू आवाजात बोलत, जणू कुणी झोपलंय. सकाळी दाराच्या फटीतून उन्हाची पट्टी यायची आणि तिच्यात कापसाचे तंतू तरंगत राहायचे. चहाचा कप हातात धरून मी ते बघत बसायची. रक्तात पेशी अशाच तरंगत असतील का, असं काहीतरी मनात यायचं. ह्यांनी एकदा फोनवर सांगितलं, “इथं सारा दिवस पांढरंच बघतोय. बोळे, पट्ट्या. आपल्याच रानातलं असंल.” मी म्हणाले, “हो, आणि तुमच्या कौसल्यामावशीनं त्यावर नाव बी लिहून धाडलंय.” मला असल्या गोड कल्पना लगेच पचत नाहीत. पण तेव्हापासून घरातल्या ढिगाकडं मी जरा वेगळ्या नजरेनं बघायला लागले, हे कबूल करते.

आता हे एका बर्फाळ ठाण्यावर आहेत. परवा बोलले तेव्हा म्हणाले, एका पोराच्या पायाची बोटं थंडीनं काळी पडत होती, वाचवली. इतक्या साध्या आवाजात, जसं कुणी सांगावं की आज मोटार दुरुस्त केली. मी इकडं तुरीच्या पिवळ्या फुलांत उभी होते. तिकडं बर्फ, इकडं फुलं, मध्ये फोन. कधीकधी वाटतं की आमचा संसार कुठल्या घरात नाहीच, तो ह्या दोन ठिकाणांच्या मधल्या हवेत आहे. लोक विचारतात, करमतं का? करमत नाही. पण त्या एका हिवाळ्यात आम्ही जेवढं बोललो, तेवढं एका छपराखाली राहणारी किती नवरा-बायको बोलत असतील, मला शंका आहे.

त्याच हिवाळ्यात मग ती संध्याकाळ आली, जिची मला अजून लाज वाटते. धडा होता रक्त थांबवण्याचा. ह्यांना एक गोष्ट समजत नव्हती. जखम खाली असताना पट्टी वर का बांधायची? मी म्हणाले, “अहो, आपली ठिबकची नळी फुटल्यावर काय करता तुमी?”

“फुटल्याच्या वरून दुमडतो आन् बांधतो.”

“फुटल्या जागी चिंध्या का न्हाई गुंडाळत?”

“चिंध्यानं काय व्हतंय? वरून पाणी येतच ऱ्हातं की.”

“तसंच हाय हे. वीतभर वर पट्टी बांधायची, तिच्यात काडी घालायची, पाणी बंद हुईस्तोर पिळायची.”

मला स्वतःचंच कौतुक वाटलं. बारावी सायन्स वाया गेली नाही असं वाटलं. पण मी मान वळवली तर मागं आत्याबाई उभ्या होत्या, भरलेली ओटी दोन्ही हातांनी पोटाशी धरून. किती वेळ उभ्या होत्या कोण जाणे.

“म्हंजी,” त्या म्हणाल्या, “वरून बांधायचं व्हतं?”

मी मान डोलावली.

“कासरा व्हता की गं. बैलाचा कासरा तिथंच पडला व्हता, हाताशी.”

त्यांनी ओटी तिथंच सोडली, कापूस ढिगावर ओतला आणि घराकडं चालू लागल्या. धुरळ्यात त्यांच्या पावलांचे ठसे उमटत होते आणि मी त्यांच्याकडं बघत फोन कानाला लावून नुसती उभी. ठिबकचं बोलायची काय गरज होती? पण हे मी ह्यांना सांगत होते, ह्यांना ते कळायलाच हवं होतं, आणि आत्याबाईंच्या कानावर पडू नये असं माझ्या मनातही आलं नव्हतं. पुढचे तीन दिवस घरातला आवाज कापसानं नाही, त्यांनीच बुडवला. त्या वेचायच्या, स्वयंपाक करायच्या, भांडी घासायच्या. माझ्याशी बोलायच्या नाहीत. रागावल्या होत्या असंही नाही. त्या सोळा वर्षं मागं, त्या बाभळीखाली गेल्या होत्या आणि कासरा उचलत होत्या, पुन्हा पुन्हा. मला ते दिसत होतं आणि मला त्यांना तिथून आणता येत नव्हतं.

चौथ्या दिवशी पाचला मी लिंबाखाली गेले तर त्या आधीच येऊन बसलेल्या. उजवा पाय पुढं पसरलेला.

“घे,” म्हणाल्या. “त्येंचा बी उजवाच व्हता. ह्याच्यावर शिकीव त्येला.”

त्या दिवसापासून आमची शिकवणी बदलली. व्हिडिओ कॉल लावून फोन मी लिंबाच्या खोडाला टेकवून ठेवायची. हे तिकडून सांगायचे, मी करायची. जुन्या लुगड्याच्या त्रिकोणी पट्ट्या फाडल्या. मोडलेल्या हाडाला आधार द्यायला तुराट्या, म्हणजे तुरीच्या वाळक्या काड्या, घेतल्या. पट्टी पिळायला मी पहिल्या दिवशी हाताला लागली ती काडी उचलली, तर आत्याबाई म्हणाल्या, “बाभळीची नको.” मी लिंबाची घेतली. हळूहळू त्यांना ह्या कामाची गोडी लागली. त्या इतकं झकास कण्हायच्या की ओळीतल्या बायका वेचणी सोडून बघायला यायच्या. “आई गं, मेले गं, कुणी पाणी द्या गं,” असं म्हणायच्या आणि मी खरंच पाणी आणलं की फोनकडं बघून डोळा मारायच्या. “पाणी देऊ नको म्हणलाय न्हवं का त्यो? नापास केली तुला.” पाऊणशे टक्के मार्क त्यांनी मला कधीच दिले नाहीत.

पण रक्ताशिवाय जखम सोपी असते. पहिल्या परीक्षेत ह्यांना जोडीदाराच्या हाताला सुई लावायची होती. शीर बरोबर सापडली, सुई बरोबर गेली, आणि सुईमागच्या नळीत लाल रेघ चढली तशी ह्यांच्या डोळ्यांपुढं अंधारी आली. उस्ताद भला माणूस. त्यानं दहा दिवस दिले. दहा दिवसांनी पुन्हा परीक्षा, तेव्हा जमलं नाही तर सामान बांधायचं. हे सांगताना ह्यांचा आवाज अगदी सपाट होता. मला वाटलं, ह्यांनी मनानं सामान बांधलंच आहे.

आत्याबाईंनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, “त्यो लाल बघायला शिकला न्हाई आजून. आपण पांढरंच दाखवायलोय त्येला.”

दुसऱ्या दिवशी त्यांनी देव्हाऱ्यातलं कुंकू एका पुडीत बांधून रानात आणलं. वाटीत थोडं तेल, थोडं पाणी, त्यात कुंकू. मी कचरले. नवरा गेल्यापासून त्यांनी कुंकवाला हात लावलेला मी पाहिला नव्हता, देवाला वाहायचं असलं तरी मला हाक मारायच्या. माझ्या मनातलं त्यांना कळलं असावं. “कपाळाचं लोकांनी काढून घेतलंय,” त्या म्हणाल्या, “पायाचं कुणी बोललं न्हाई. ओत.”

मी त्यांच्या पोटरीवर ते लाल पाणी ओतलं. पहिल्या दिवशी ह्यांनी तिकडं फोन पालथा घातला. पडदा काळा, नुसता श्वास ऐकू येत होता. आत्याबाई त्या काळ्या पडद्याशी बोलत राहिल्या, आज किती वेचलं, कोण आलं नव्हतं, मांजर कुठं व्यालं. दुसऱ्या दिवशी ह्यांनी तिरकं बघितलं. तिसऱ्या दिवशी घाम पुसत पुसत बघितलं. माझ्या हातांना रोज तेलकट लाल रंग लागायचा आणि तो धुऊन जायचा नाही, भाकरीला लागायचा. मला भीती वाटायला लागली होती की हे सगळं आम्ही कुणासाठी चालवलंय. लेक शिकतोय की माय आपला जुना दिवस पुन्हा पुन्हा दुरुस्त करतेय? आणि दहाव्या दिवशी लेक नापास झाला तर ही बाई काय करेल?

परीक्षेच्या आदल्या दिवशी हवा अगदी थांबलेली होती. ज्वारीवरचे पक्षी उडून गेले होते आणि ऊन लिंबाच्या बुंध्यापर्यंत उतरलं होतं. मी लाल पाणी ओतलं. आत्याबाई त्या दिवशी कण्हल्या नाहीत. हे मात्र बोलायला लागले, आणि थांबलेच नाहीत.

“वीतभर वर. हां, तिथंच. गाठ मार. काडी घाल. पीळ. आणखी. आणखी पीळ आर्चे, दया करू नको. रक्त थांबलं? काडी बांधून टाक. आता टाइम लिही.”

“कशावर?”

“कपाळावर. दुसरीकडं लिहिलं तर डॉक्टरच्या ध्यानात येत न्हाई. पट्टी कवा बांधली ते त्येला कळाय पायजे. दवाखान्यात पोचोस्तोर पुसायचं न्हाई ते. लिही लवकर!”

मी पेन काढलं. घामेजल्या कातडीवर ते उमटेना. हे तिकडून “लवकर, लवकर” करत होते. माझं बोट लाल होतंच. मी त्यानं आत्याबाईंच्या कपाळावर लिहिलं, पाच चाळीस.

लिहून झालं आणि माझं बोट तिथंच थांबलं. ओळीतल्या बायका थांबल्या. फोनमध्ये हे थांबले. आत्याबाई आमच्याकडं आळीपाळीनं बघायला लागल्या, मग त्यांची नजर फोनवर गेली. त्याच्या एका कोपऱ्यात आपलंच चित्र लहानसं दिसत असतं. त्या पुढं वाकल्या आणि त्यांनी स्वतःचं कपाळ बघितलं. मी पदर घेऊन पुसायला धावले. त्यांनी माझं मनगट धरलं, चांगलं घट्ट.

“पोचोस्तोर पुसायचं न्हाई म्हणला न्हवं का त्यो?”

“माय,” हे म्हणाले. त्यांचे डोळे त्या लाल आकड्यांवर होते. ते खाली बसले नाहीत, फोन पालथा घातला नाही.

“काय पाच चाळीस?” आत्याबाईंनी विचारलं. “बराबर हाय का टाइम?”

“बराबर हाय, माय.”

तशाच त्या घरी आल्या. भाकऱ्या केल्या. सकाळी तोंड धुताना कपाळ तेवढं कोरडं ठेवलं. रानात गेल्या तेव्हा पदर पुढं ओढलेला नव्हता. आकडे थोडे फिस्कटले होते, पण लाल होते. गावात ह्या गोष्टीवर चार तोंडं सहज उघडली असती. कौसल्यामावशींनी एकदा त्यांच्याकडं बघितलं, एकदा माझ्याकडं, आणि आपली ओटी उचलून त्यांच्या शेजारच्या ओळीला लागल्या. मग दुसऱ्या बाजूच्या ओळीला चंद्रकला गेली. दिवसभर त्या दोघींच्या मधूनच आत्याबाई वेचत राहिल्या.

पाच वाजता फोन आला.

“झालं,” हे म्हणाले. मग रडले, मग हसले, मग म्हणाले, लाल रेघ चढताना शेवटपर्यंत बघितली. उस्तादांनी पाठीवर थाप मारली. आत्याबाईंनी फोन माझ्या हातातून घेतला आणि एकच विचारलं.

“ज्येला सुई लावली, त्यो पोरगा कसा हाय?”

“बरा हाय की, माय. चहा प्यायलाय.”

फोन माझ्याकडं देऊन त्या उठल्या. ठिबकच्या पाइपाचा कॉक सोडला, ओंजळ भरून कपाळावर पाणी घेतलं आणि आकडे बोटांनी सावकाश चोळून काढले. पाणी नाकावरून हनुवटीवर आलं, आधी लाल, मग साधं. कॉक बंद करून त्या माझ्याकडं वळल्या.

“पोचले गं बाई तुझे सासरे दवाखान्यात,” म्हणाल्या, आणि तिथंच चिखलात बसून मोठ्यानं रडायला लागल्या. मी त्यांना रडताना तेव्हा पहिल्यांदा बघितलं. मी जाऊन त्यांना धरलं. तिकडं सहा वाजले, फोन जमा करायची शिट्टी वाजली, कुणीतरी ह्यांचं नाव पुकारलं, तरी ह्यांनी फोन ठेवला नाही.